वांग्याच्या भाजीची नोंद

"नोंद घेतली, बाई," असं म्हणून तो शर्टाच्या खिशातलं पेन काढायचा, आणि इकडे माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या.

सिंदेवाहीच्या भाताच्या संशोधन केंद्रावर तो रोजंदारीनं कामाला होता. बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, फिरायचं, तुडतुड्यांची कीड कुठे दिसली, ऊन होतं की आभाळ, पाऊस किती झाला, कोणतं धान निसवून लोंबीवर आलं, ते एका लांबट वहीत लिहायचं. काम चांगलं करायचा. पण बायकोला पाचवा महिना लागला आणि या बहाद्दरानं तसलीच दुसरी वही तिच्यासाठी सुरू केली. मी त्याच्या गावच्या उपकेंद्रात नर्स. नवऱ्यांनी बायकोकडे लक्ष द्यावं म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, आणि एकानं दिलं तर ते हे असं!

"वाचा जी," त्यानं वही माझ्यापुढे ठेवली.

'सकाळी सव्वासहा. रडली. कारण विचारले, सांगितले नाही. ऊन.' त्याखाली, 'दुपारी हसली. कारण बकरी.' त्याच्याही खाली, 'संध्याकाळी वांग्याच्या भाजीवर राग. ताट सरकवले. भाजी मी केली होती. आभाळ.'

"भाऊ, हे काय आहे?"

"घडीत रडते, घडीत हासते जी. काऊन होते, समजाले पाह्यजे ना."

मग मी समजावलं. दिवस गेले की अंगात मोठी उलथापालथ होते, झोप मोडते, मनात नाही नाही ते येतं. रडू येतं, राग येतो, तासाभरात निवतोही. त्याला दर वेळी कारण नसतं. जवळ बसा, ऐका, संध्याकाळी थोडं चालायला न्या, दुपारी झोपू द्या. "नोंद घेतली, बाई," म्हणाला आणि खरंच सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बायको माझ्याकडे हजर. "बाई, ह्याले सांगा जी काई तरी. मी झोपली तं हा उशाशी घड्याळ घेऊन बसते. धड रडू बी देत नाई!"

हसू नका. तुमच्या शेजारी असा नवरा असता तर तुम्हीही वैतागला असता. तसं त्याचं तरी काय चुकलं म्हणा. आदल्या वर्षी तिचं तीन महिन्यांचं पोट पडलं होतं. तेव्हा ती कितीतरी दिवस गप्प होती आणि याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ते त्याला आतून खात होतं. हे मला ठाऊक होतं, तरी त्याची सायकल फाटकाशी दिसली की माझं डोकं दुखायला लागायचं.

एकदा तर कहर केला. तपासणीचा दिवस, बायकांची ही रांग, आणि हा मधोमध उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला, "सोमवारी दोनदा रडली, मंगळवारी सासूवर चिडली..." रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्याची बायको वजन न करताच निघून गेली.

माझं डोकंच फिरलं. "बायको आहे ती, बांधी नाही! बंद करा ती वही. पुन्हा इथे दिसली तर चुलीत घालीन."

तो खाली मान घालून म्हणाला, "नोंद घेतली, बाई." पेन मात्र काढलं नाही.

पुढचा महिना कसा शांततेत गेला! तिची आठव्या महिन्याची तपासणी झाली. रक्तदाब ठीक, वजन थोडं कमी. "बरी आहेस ना?" "हो जी." मी कार्ड भरलं आणि पुढचीला बोलावलं. सुटले बाई, असंच मनात आलं माझ्या.

आणि एका दुपारी तो दारात येऊन उभा. हातात वही नाही.

"आता ती रडत नाई, बाई."

"मग चांगलं झालं की!"

"भांडत बी नाई. मी मुद्दाम वांग्याची भाजी केली. अळणी केली. गुपचूप दोन घास खाल्ले अन् भिंतीकडे पाहत बसली."

मी हातातलं कार्ड खाली ठेवलं. "किती दिवस झाले असं?"

त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. "तुमीच लिवाले नाई म्हटलं ना जी."

मी तशीच स्कूटीवर त्याच्या घरी गेले. ती मागच्या दारी बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. मग ती म्हणाली, "पोटात हालते, बाई. पन मले काईच वाटत नाई. मांगच्या वेळी लई जीव लावला होता. रातभर झोप नाई येत."

हे घडीत येऊन घडीत जाणारं रडू नव्हतं. ही उदासी ठाण मांडून बसली होती, आणि माझ्यासमोर "हो जी" म्हणून गेलेल्या बाईच्या तोंडाकडे मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बोलणं झालं, औषध सुरू झालं, दर आठवड्याला यायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात हिच्याकडे लक्ष कोण ठेवील? मी त्याच्याकडे वळले आणि नमतं घेऊन म्हणाले, "भाऊ, वही काढा. पण तिला विचारून लिहा, आणि तिच्या-माझ्याशिवाय कुणाला वाचून दाखवू नका."

तिसऱ्या आठवड्यात तो सायकल तशीच फाटकात टाकून धावत आला. "बाई, रडली! खूप रडली! अन् मले गधा म्हटलं!" आम्ही दोघंही येड्यासारखे हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

मुलगी झाली. तिला चार महिने झाले तेव्हा त्याला गोंडपिपरीकडे काम मिळालं. निघताना तिघं भेटायला आले. मुलीनं माझा चष्मा ओढला. बायकोनं ती लांबट वही माझ्या टेबलावर ठेवली. "ह्याले आता नाई लागत. तुमीच ठेवा."

ते गेल्यावर मी शेवटचं पान उघडलं. अक्षर त्याचं नव्हतं.

'दुपारी मुलगी झाली. हा रडला. कारण विचारले, सांगितले नाही. ऊन.'