समुद्रात कासरा

आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, होडीच्या काठावरून कमरेपर्यंत बाहेर लटकला होता. जावयाने त्याला मागून धरलं, तर हातात नुसतं धोतर आलं.

खालून मासा ओढत होता. दिसत नव्हता, पण जोर बैलाचा होता. बुढ्याने गळाची जाड दोरी मनगटाला गुंडाळली होती आणि ती कातडीत रुतली होती. त्याला पोहता येत नाही. अंगात घालायला दिलेलं केशरी जाकीट उकडतं म्हणून काढून तो त्यावर बसला होता.

"आजोबानू, सोडा! दोरी सोडा!" होडीवाला मालवणी तांडेल ओरडत होता.

"सोडू कसा? जाईन ना तो!"

आमच्या दर्यापूरकडे बैल बुजला की कासरा मनगटाला गुंडाळतात. ज्याच्या हातून कासरा सुटतो, त्याला गाव मरेपर्यंत हसतं. बैल जाऊन घरी ट्रॅक्टर आला, तरी बुढ्याचं मनगट ते विसरलं नव्हतं.

समुद्राची हौस जावयाची. तो अकोल्याला राहतो. म्हणाला, "मामाजी, इथं ऊन भाजून राहिलं. तिकडं गार वाऱ्यात मोठा मासा धरू."

मी म्हटलं होतं, "खारं पानीच पाह्याचं असन, तं आपल्या विहिरीत पाहा." आमचा सगळा खारपाणपट्टाच. पण माझं कोण ऐकतं? जावयाने अख्खी होडी ठरवली. वारा होता, पण गरम. जावयाला मासा लागला नाही, उलट्या लागल्या. त्याने गळ सासऱ्याच्या हातात दिला. तांडेल दोरी कशी धरायची ते सांगू लागला, तर बुढा म्हणाला, "दोरी धरनं तुमी आमाले शिकवता?"

आता शिकलेला कासरा त्याला समुद्रात नेत होता. जावई त्याच्या पायांवर आडवा पडला. तांडेलही धावला, पण दोरी इतकी ताणली होती की फेरा सुटेना. गळाला लावायचा चारा कापायची सुरी माझ्याजवळच्या फळीवर होती. मी उचलली.

"कापू नको वो!"

"तोंड मिटा, पानी जाईन."

मी कापली. बुढा मागे जावयावर पडला. मनगट निळं झालं होतं. मी धोतर त्याच्या अंगावर टाकलं.

"मासा घालवला तूनं," तो म्हणाला.

"तो गेला म्हून तुमी रायले."

आता तो अकोल्यात, दर्यापुरात, जो भेटेल त्याला मनगटावरचा वळ दाखवतो. मासा दर वेळी थोडा मोठा होतो; सध्या म्हशीच्या वगारीएवढा आहे. सुरीचा विषय निघत नाही. "मी काही कासरा सोडला नाही," एवढंच सांगतो. ते खरं आहे.

होडीत आम्ही चौघं होतो. चौघंही जिवंत परत आलो.