दिवा लावणारे सासरे

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, विश्वास दोघांवरच, स्वतःवर आणि सूर्यावर. त्यातही सूर्य अधूनमधून ढगाआड जातो म्हणून त्याचा नंबर दुसरा! सिहोऱ्याजवळ त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर आहे. तिच्या मधोमध खांबावर सोलर पॅनल, त्याखाली दिवा आणि दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं. अंधारून आलं की दिवा आपोआप लागतो आणि खोडकिड्याचे पतंग अंडी घालण्याआधीच घमेल्यात पडतात. पण आपोआप हा शब्द मामाजींना मान्य नाही. ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हात वर करून उभे राहतात, दिवा लागला की ऐटीत म्हणतात, "म्या लावला!" मी पाहुणा गेलो की चहाच्या आधी घमेल्याचं दर्शन. "पाहा जवाईबापू, रातची वरात, अख्खी बुडाली!" शेजाऱ्यानं धुऱ्यावर बल्ब लावला तेव्हा त्याला दटावलं, "माहे पाहुणे काहून बहकवून राहिला बे?"

हे सारं हसण्यावारी नेता येत नाही. एकदा औषध फवारताना ते भोवळ येऊन बांधीतच पडले होते. तेव्हापासून पंप माळ्यावर आहे, आणि कीड वाढली तर तो पुन्हा खाली उतरेल ही सासूबाईंची कायमची धास्ती.

यंदा धान पोटरीवर, लोंब्या फुटायच्या बेतात आलं आणि नेमका मामाजींचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी ते भंडाऱ्याला आमच्याकडे आले. निघताना पॅनलकडे बोट दाखवून सासूबाईंना बजावलं, "त्याले माह्यापेक्षा जास्त जपजो." रोज दिवेलागणीला फोन. "लागला का वो?" "लागला नं जी!" मग कुठे ते चहाला हात लावत.

काळा चष्मा लावून मामाजी परतले, सोबत मी. पाहतो तर पॅनलवर ओलं पोतं, त्यावर मामाजींचा जुना दुपट्टा! सासूबाई रडकुंडीला आल्या. "दिवसभर उन्हात तापून राहे बिचारं, म्हून झाकलं. दिवा लागे नाई, मले वाटलं थकलं असंन. मंग आणखी जाड पोतं टाकलं. तुमच्या डोळ्याले तरास नोको म्हून लागला म्हणत होती. आता पंप नोका काढू जी!"

मामाजी बांधीत उतरले. पानापानावर अंडी होती. त्यांनी एक पान खुडलं, नव्या डोळ्यानं निरखलं. "हातानं खुडू. पंप नाई उतरत." मग पोत्याकडे बघत म्हणाले, "माह्यावर त कधी पोतं नाई टाकलं!"

"तुमी कुठं एका जागी उभे रायता?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मग कितीतरी दिवस दोघं वाकून पानं खुडत होती. थोड्या लोंब्या पांढऱ्या पडल्या, बाकी धान वाचलं.

आता आमच्याकडे दिवेलागणीला कुणी फोन करत नाही आणि मला अजिबात करमत नाही. काल मीच लावला. "मामाजी, लावला का दिवा?"

पलीकडून नेहमीचा तो खणखणीत आवाज, जरासा खाली आलेला.

"आमी दोघांनं लावला."