‘समाप्त’ नावाचं पुस्तक

आधीच सांगून टाकते, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. इथे परदेशात, पाया लेबार भागातल्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं म्हणणाऱ्यांतली मी. भुताखेतांचं नाव काढलं की मला हसू यायचं...

पासिर रिस या उपनगरात आमच्या ब्लॉकमध्ये रुबीमावशी राहतात. मूळच्या अलिबागच्या, बेने इस्रायली – म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांच्या आजोबांनी ज्यू धर्मग्रंथातल्या मोशे, दावीद यांच्यावर चक्क मराठी कीर्तनं रचून छापली होती! घरातली एकुलती एक प्रत वडिलांनी इथल्या ज्यू अभ्यासकांच्या छोट्या लायब्ररीला दिली. आता ती लायब्ररी बंद होणार होती आणि पुस्तकं दुसऱ्या देशातल्या मोठ्या संग्रहात जाणार होती. खोकी सोमवारी निघणार.

“मला त्यातल्या एका कीर्तनाचं पहिलंच कडवं येतं गं,” मावशी म्हणाल्या. “नातवाच्या लग्नात सगळं गायचंय. बघशील?”

रविवारी दुपारी गेले. सुरक्षेसाठी गेटवर पासपोर्ट बघून, रजिस्टरात सही घेऊनच आत सोडतात. लायब्ररियन मिस लिमनी कॉम्प्युटरवर यादी उघडून दिली. बगदाद, रंगून, मुंबई... कुठून कुठून आलेली पुस्तकं! ‘इतर भाषा’ या भागात मराठीचं नाव नाही. शेवटची ओळ – इंग्रजी अक्षरांत ‘समाप्त’. यादी कुणा आपल्याकडच्याने केली असेल, असं वाटलं. झालं, संपली यादी. मावशींना काय तोंड दाखवू? मी अगदी रडकुंडीला आले.

“संपली नाय गो यादी,” दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला. पांढरी दाढी, धुळीने माखलेल्या चपला. एक म्हातारे गृहस्थ मजेत हसत होते. “पुस्तकाचं नाव हाय ते. उजवीकडून उघडलान कोणीतरी.”

क्षणभराने ट्यूब पेटली. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं. नोंद करणाऱ्याने हेही तसंच उघडलं, शेवटच्या पानावर ठळक एकच शब्द दिसला आणि कुणाकडून तरी वाचून घेऊन तेच नाव म्हणून लिहिलं! मी खोक्यांकडे धावले. तिसऱ्या खोक्यात सापडलं, मावशींच्या आजोबांच्या नावासकट. आभार मानायला वळले तर खुर्ची रिकामी.

“ओल्ड मॅन?” मिस लिम इथल्या खास इंग्रजीत म्हणाल्या, “नोबडी लाह. ओन्ली यू.”

रजिस्टरात त्या दिवशीची एकच सही होती – माझी.

मिस लिमच्या परवानगीने पुस्तक एका रात्रीसाठी घरी आणलं आणि मावशींना सगळं सांगितलं. पुस्तक छातीशी धरून त्यांनी विचारलं, “खुर्चीत बसले होते?” आणि रडता रडता हसल्या. “आमच्यात प्रेषित एलियाहू हन्नाबींसाठी शुभकार्यात खुर्ची रिकामी ठेवतात गं. ते कधीही, कुठल्याही रूपात येतात म्हणे.”

“अहो मावशी, ते तर अलिबागकडचं बोलत होते!”

“मग? आमच्या अलिबागकडे येऊन गेलेतच ते, असं आम्ही सगळे मानतो.”



पुस्तक स्कॅन झालं, यादीतलं नाव दुरुस्त झालं. लग्नात मावशी सगळी कडवी गायल्या, एकही न चुकता. हॉल खच्चून भरला होता. माझ्या शेजारची खुर्ची कुणीतरी उचलायला आलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “राहू दे, कुणीतरी यायचंय.”