काकांनी बुडवलेल्या होड्या

ठाण्यात आगगाडी आली, तारही आली. पण संकटाची वर्दी आमच्या शेजारच्या काकांच्या आधी कुणाला म्हणून लागली नाही. संकट मागाहून यायचं, पुष्कळदा यायचंच नाही, पण काका त्याच्यासाठी पाट मांडून बसलेले! आंब्याला मोहोर दिसला की "करपणार", पोळी टम्म फुगली की "फुटणार". एका बारशाला पोटभर जेवून यांनी यजमानाला विचारलं, "नाव झकास ठेवलंत हो, पण पोर तोतरं निघालं तर?" शुभ बोल नाऱ्या म्हटलं तर मांडवाला आग लागली म्हणणारा तो नाऱ्या आमच्याच आळीत राहतो, असं मी सगळ्यांना सांगायचो.

काकू मात्र खमक्या. घरातली वास्तू 'तथास्तु' म्हणत असते यावर त्यांची श्रद्धा. काका वाईट बोलले रे बोलले की त्या मीठमोहरी त्यांच्यावरून ओवाळून चुलीत टाकायच्या. तडतड ऐकू आली की आळी समजायची, काका बोलले. ठाण्याची मिठागरं या एका घरावर चालतात म्हणे! एकदा काकू भाचीच्या लग्नाला कल्याणला, माहेरी निघाल्या. आगगाडीचा बंब फुटणार हे काकांनी ठरवूनच टाकलेलं, म्हणून होडीने. होडीत पाय ठेवणार, तोच काका काठावरून म्हणाले, "जपून हो, ही बुडण्यातली दिसते." काकू वळल्या. "इकडून चांगलं बोलता येईल तेव्हा निरोप धाडावा. तोवर मी माहेरीच." आणि गेल्या की हो!

चार दिवसांनी काका माझ्या ओटीवर आले, तोंड एवढंसं करून.

"अहो, घरात चिटपाखरू नाही, मी तोंड उघडत नाही, तरी कुणीतरी सारखं बडबडतंय. दूध तापत ठेवलं, तर म्हणे नासणार. आडवा झालो, तर म्हणे तुळई पडणार. आता म्हणे, ती परत येणारच नाही!"

"कोण म्हणतं?"

"मीच की! जन्मभर मीच! आणि दूध नासलं नाही, तुळई जागच्या जागी आहे!" म्हणत काका खो खो हसत सुटले.

तेव्हापासून मनात वाईट आलं की ते स्वतःच स्वतःवरून मीठमोहरी ओवाळायचे. तडतडली की म्हणायचे, "झालं? आता खरंच काय होतं ते बघू." मोहरी उडून धोतराला भोकं पडली, पण गडी हटला नाही. मग त्यांनी कल्याणला निरोप धाडला.

काकूंची होडी दुपारी यायची, ती दिवस कलला तरी पत्ता नाही. बंदरावर धीर सुटला तो माझा. "काका, काही वावगं तर नसेल ना?" काका पांढरेफटक पडले. हात कनवटीला गेला. तिथे मिठाची पुरचुंडी होती. विस्तव कुठला तिथे! त्यांनी मीठ सरळ माझ्यावरून ओवाळलं आणि खाडीत टाकलं.

"शुभ बोला हो! या डोक्यात मी आजवर किती होड्या बुडवल्या, खाडीत त्यातली एकही बुडाली नाही. ओहोटी आहे, बसली असेल चिखलात. पाणी चढलं की येईल."

पाणी चढलं, होडी आली. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या काकू उतरल्या आणि काकांकडे रोखून पाहत उभ्या राहिल्या, आता काय ऐकायला मिळतं म्हणून.

"छान दिसतेस," काका म्हणाले. चारचौघांत! काकू अशा लाजल्या की काय सांगू.

पुढे बरीच वर्षं त्या घरातून तडतड ऐकू आली नाही. शेवटच्या दुखण्यात वैद्यांनी मान हलवली, तरी काकांचं आपलं, "आज बरं वाटतंय." मी भेटायला गेलो तेव्हा काकू उशाशी बसल्या होत्या, मीठमोहरी मुठीत घट्ट धरून. काकांच्या कानाशी वाकून त्या म्हणत होत्या, "एकदा तरी वाईट बोलावं ना इकडून. मी लगेच ओवाळून टाकते."