दंडोबाच्या रानात कुंची

सर्वप्रथम सांगतो, यात आमच्या मांजरीचा काहीही दोष नाही.

माझ्या मेहुण्याला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली. बारसं वाईला, रविवारी. माझी बायको विद्या ही बाळाची एकुलती एक आत्या, आणि तिच्या माहेरी आत्याने स्वतः विणलेली कुंची घातल्याशिवाय बाळाला पाळण्यात ठेवत नाहीत. त्यामुळे दीड महिना विद्याच्या हातातली क्रोशाची सुई सुटली नव्हती. हळदीच्या रंगाची लोकर, कपाळावर टोक, पाठीवर रुळणारी झालर. शनिवारी सकाळी फक्त शेवटचा फेरा राहिला होता आणि तिला बाळाचे वाळे आणायला सराफाकडे जायचं होतं.

"सुई तशीच अडकवून ठेवलीय, हात लावू नका," ती जाताना म्हणाली. "आणि साळूला लांब ठेवा. लोकर दिसली की ती आपली राहत नाही."

साळू म्हणजे मांजर. कुंची कपाटात ठेवावी, तर कपाटाचं दार साळू पंजानं उघडते. स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवावी, तर लोकरीला तिखटाचा वास लागणार (आणि ऐन बारशात बाळ शिंकलं तर?). त्यात खाली शेजारचे सुभेदार हॉर्न वाजवू लागले. फौजेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर शनिवारी मला स्कूटरवरून दंडोबाच्या डोंगरावर फिरायला नेतात आणि एक मिनिटसुद्धा थांबत नाहीत. शेवटी मी ठरवलं, जिथे मांजर नाही तिथे कुंची न्यावी. लोकरीच्या गुंड्यासकट ती खांद्यावरच्या पिशवीत घातली. सुई टोचेल म्हणून काढून ठेवली.

रानात मी दर दहा पावलांनी पिशवी चाचपत होतो. हळूहळू ती हलकी लागायला लागली. मोकळ्या हवेनं माणसाला हलकं वाटतं असं ऐकून होतो, म्हणून दुर्लक्ष केलं. तासाभराने मागून येणारे सुभेदार कौतुकाने म्हणाले, "आवं सर, वाट चुकू नये म्हणून दोरा सोडलाय व्हय? लय डोकं लावलंसा!"

मी वळून पाहिलं. झाडाझुडपांतून, दगडांवरून एक पिवळी रेघ थेट माझ्या पिशवीत येत होती. एका फांदीखालून वाकताना गुंडा पडून करवंदीच्या जाळीत अडकला होता. सुई नसलेलं विणकाम मी चालेन तसं फेऱ्यामागून फेरा उसवत आलं होतं. पिशवीत हात घातला, तर तळहाताएवढं कपाळावरचं टोक हाताला लागलं.

"माघारी फिरा," सुभेदारांनी हुकूम सोडला. ते कोपराला लोकर गुंडाळत पुढे आणि काटे काढत मी मागे. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ते थांबून सगळी हकिगत सांगत होते. मी प्रत्येकाला नमस्कार करत होतो.

घरी आलो तेव्हा विद्या अजून परतली नव्हती, आणि इथे माझं अधःपतन झालं. साळू गाढ झोपली होती. तो सगळा गुंता मी तिच्यापुढे ठेवला. एक धागा तिच्या पंजावरही टाकला. विद्या दारात येताच पडेल आवाजात म्हणालो की साळूनं घात केला.

विद्या मटकन खाली बसली. मग तिनं लोकर उचलून झटकली. करवंदीचं पान पडलं, चार कुसळं पडली आणि एक मुंगळा चालत निघाला.

"साळू दंडोबाला गेली होती?"

मी सगळं सांगून टाकलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं सुई मागून घेतली, ती मी देवापुढे ठेवली होती.

रविवारी एसटीत सांगलीपासून तिनं मान वर केली नाही. मी गुंडा मांडीवर धरून प्रत्येक गतिरोधकाला देवाचं नाव घेत होतो. साताऱ्यापर्यंत डोकं झालं, वाईपर्यंत कान झाकले गेले. झालर राहिली ती राहिलीच. तिथे विद्यानं ती बिनझालरीची कुंची बाळाच्या डोक्यावर चढवली आणि वहिनीला शांतपणे सांगितलं, "हल्ली अशीच आखूड कुंची घालतात गं."

सगळ्या बायकांना ती पद्धत आवडली. दोघीतिघींनी तशीच विणून मागितली. बाळ पाळण्यात गेलं, आत्यानं कानात नाव सांगितलं, सगळं निभावलं. आता मी फक्त गप्प राहायचं होतं.

पण ते कौतुक माझ्या मनाला बोचायला लागलं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि करवंदीच्या काट्यांपासून मुंगळ्यापर्यंत सगळ्याची कबुली दिली. काटे म्हटल्याबरोबर आजीनं बाळाच्या डोक्यावरची कुंची ओढून काढली, आणि इतका वेळ शहाण्यासारखं पडलेलं बाळ किंचाळू लागलं.

बारशाचे फोटो परवा आले. प्रत्येक फोटोत बाळ बोडक्या डोक्यानं रडतंय आणि मागे सहा बायका एका कुंचीत काटे शोधतायत. मी मात्र सगळ्यांत छान आलोय. छातीवर हात ठेवून, मन हलकं करताना.