माझा पासवर्ड सुरमई थाळीच्या खाली

मंडळी, आज स्वतःचीच किळस आली, म्हणून लिहितेय.

आमचं नागावला होमस्टे आहे. सकाळी लॅपटॉपचा चार्जर गेला, म्हणून अलिबागला एका दुकानात गेले. दुकानदाराने व्होल्ट-अँपिअर जुळवून दुसरा चार्जर काढला. म्हणाला, "ताई, तासभर लावून बघतो, बॅटरी नीट भरतेय का ते. पासवर्ड सांगून ठेवा."

मागे रॅकवर बघते तर पाच लॅपटॉप. प्रत्येकाच्या झाकणावर चिकटपट्टी, त्यावर मालकाचं नाव आणि खाली त्याचा पासवर्ड, जाड मार्करने! शी! येणारा-जाणारा कोणीही वाचेल.

मी भडकलेच. "लोकांचे बँकेचे व्यवहार असतात यात. लाज नाही वाटत?"

तो शांतपणे म्हणाला, "ताई, मागच्या महिन्यात तुमच्याकडे जेवायला आलो होतो. ओसरीतल्या फळ्यावर सुरमई थाळीच्या खाली वायफायचा पासवर्ड लिहिलाय. लॅपटॉपलाही तोच आहे का?"

तोच होता. ईमेललाही तोच. लक्षात राहायला सोपा म्हणून! आणि पाहुणे आपली आधारकार्डं त्याच ईमेलवर पाठवतात.

चार्जर घेतला आणि मान खाली घालून निघाले. घरी आल्या आल्या फळा पुसला.

आता सासूबाईंनाही वापरता येईल असा साधा पासवर्ड मॅनेजर कोणी सुचवाल का? आणि हेही सांगा, फळा तर पुसला, पण तो वाचून गेलेले दोन सीझनचे पाहुणे कसे पुसू?