मागितलं तेवढंच मिळालं

बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अकोल्याच्या स्टेशनावर कापसाच्या गाठी चढवत होतो. महिना झाला त्याला… बाई म्हणजे माझी थोरली बहीण, गोदाबाई.

विलायतेहून कापसाला मागणी आली आणि सारं वऱ्हाड पिसाटलं, त्या साली तिचा नवरा कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीहून मुंबईच्या वाटेला लागला. घाटाआधी पटकीची साथ होती. बरोबरचे गाडीवान परतले, तो नाही. आजारी म्हणून त्याला वाटेतल्या एका गावात ठेवलं, एवढंच ते सांगत. बाई रडली नाही. दिवसभर रेच्यावर लोकांच्या कापसाची सरकी काढून पोट भरायची, आणि दर पुनवेला अनवाणी रिद्धपूरला जायची. आमचं घर महानुभावांचं. तिथल्या देवावर तिची सारी भिस्त.

दोन वर्षांनी अकोल्याच्या बाजारात तो मला दिसला. धडधाकट. सोबत दुसरी बायको, तिच्या कडेवर मूल. मला बाजूला घेऊन त्यानं विनवलं, "तिले सांगू नको. मेला म्हून सांग."

मी बाईला यातलं काहीच सांगितलं नाही. तिच्या पायाच्या भेगा बघत राहिलो, वर तिच्या हाती देवासाठी नारळ देत राहिलो. माझ्याइतका भेकड भाऊ कुणाला नसावा.

यंदा ती तापानं अंथरुणाला खिळली. तेव्हा मात्र राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती छताकडे बघत होती.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."

"मंग रिद्धपूरले काहून जात होती?"

"तो जित्ता राहू दे, इतकंच मांगतलं होतं मी. देवानं आयकलं ना… मंग देवाले कशी सोडू?"

मला त्या देवाचा संताप आला. अजूनही येतो. एवढ्या चालण्याच्या बदल्यात त्यानं अगदी मोजून दिलं.

परवा तिचं घर आवरायला गेलो. वाऱ्यानं दार आपटत होतं, म्हणून आतली कडी लावायला गेलो. कडी जागची हलेना, गंजून घट्ट बसली होती. शेजारीण म्हणाली, नवरा गाड्या घेऊन गेल्यापासून गोदाबाईनं ती कडी एकदाही लावली नाही. शेवटपर्यंत दार नुसतं लोटून निजायची.